जुनं झालं, हे ठरवतं कोण?

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत खिडकीच्या वरच्या फळीवर एक पांढरा राउटर होता. २०१४ साली वर्गणी काढून घेतलेला. दोन अँटेना, त्यातली एक चिकटपट्टीनं बांधलेली. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली त्याच्या जिवावर अर्ज भरत, हॉल तिकिटं काढत. २०२०च्या टाळेबंदीत अभ्यासिकेला कुलूप लागलं, पण राउटर आम्ही चालू ठेवला. शाळेचे तास मोबाइलवर आले होते आणि अनेक घरांत रोजचा डेटा पुरत नव्हता. मुलं अंतर ठेवून बाहेरच्या पायऱ्यांवर बसत आणि बंद दाराआडून येणाऱ्या वायफायवर तास ऐकत.

पाच-सहा मुलं जमली की सगळ्यांचाच आवाज तुटायचा. दिवसातून दोनदा तरी राउटर बंद करून पुन्हा चालू करावा लागे. नेट जोडून देणाऱ्या मुलानं तो पाहिला आणि लगेच निकाल दिला, "जुना झालाय सर. नवा घ्या."

मी इतिहासाचा शिक्षक. 'जुनं झालं' हे वाक्य आमच्या विषयात सहजासहजी मान्य होत नाही. नेमकं काय झालं आणि ते ठरवलं कुणी, हे विचारायची सवय लागलेली असते. त्यात माझे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात 'जुना' म्हणून आलेला रेडिओ बहुतेक वेळा एखादा कंडेन्सर बदलून परत जायचा. व्हॉल्व्हच्या रेडिओत मागच्या पुठ्ठ्यावर किंवा आतल्या बाजूला व्हॉल्व्हच्या जागा दाखवणारा तक्ता चिकटवलेला असे. अब्बा म्हणायचे, नकाशा हातात असला की कोणतंही यंत्र परकं राहत नाही.

मग या राउटरचा नकाशा कुठे आहे? हे शोधताना वीस वर्षांचा एक इतिहास सापडला. हा लेख त्या इतिहासाबद्दल आहे, आणि शेवटी माझ्या एका चुकीबद्दलही.

एका प्रश्नापासून सुरुवात

राउटर म्हणजे खरं तर एक छोटा कॉम्प्युटर. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते आणि हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश मेमरीची लहानशी चिप असते. त्या चिपवर जे सॉफ्टवेअर कोरलेलं असतं त्याला फर्मवेअर म्हणतात. प्लास्टिक, तांबं आणि सिलिकॉन वर्षानुवर्षं टिकतं. आधी म्हातारं होतं ते फर्मवेअर. त्यातल्या सुरक्षेच्या फटी सापडत जातात आणि कंपनीनं त्या बुजवणं थांबवलं की यंत्र धडधाकट असूनही धोक्याचं ठरतं.

डिसेंबर २००२मध्ये लिंक्सिस या अमेरिकी कंपनीनं डब्ल्यूआरटी५४जी नावाचा घरगुती राउटर बाजारात आणला. निळा-काळा, दोन अँटेनांचा. मार्च २००३मध्ये सिस्को या बड्या कंपनीनं लिंक्सिस विकत घेण्याचा करार जाहीर केला. किंमत सुमारे ५० कोटी डॉलर. राउटर धडाक्यात खपत होता.

जून २००३मध्ये अँड्र्यू मिक्लास यांनी लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर एक निरोप टाकला. या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स दिसतो आहे, मग त्याचा सोर्स कोड कुठे आहे? प्रश्न साधा होता, पण त्याला कायद्याचा आधार होता. लिनक्स कर्नल जीपीएल या लायसन्सखाली दिला जातो. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ची. ती वापरायला पैसे मागत नाही, फक्त एक अट घालते. हे सॉफ्टवेअर तुम्ही बदलून दुसऱ्याला दिलंत तर त्याचा सोर्स कोडही त्याला मिळाला पाहिजे. अब्बांच्या भाषेत सांगायचं तर यंत्रासोबत नकाशाही द्यायचा.

गोष्ट गुंतागुंतीची निघाली. राउटरमधली चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअरचं काम तैवानच्या सायबरटॅनचं, वरचा शिक्का लिंक्सिसचा आणि मालकी आता सिस्कोची. या साखळीत लायसन्सची अट कुठेतरी गळून पडली होती. बोभाटा झाला, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मध्ये पडलं आणि त्याच वर्षी लिंक्सिसनं सोर्स कोड खुला केला. अटींच्या पालनावरून वाद पुढेही चालू राहिला. डिसेंबर २००८मध्ये फाउंडेशननं सिस्कोवर दावा लावला आणि मे २००९मध्ये तडजोड झाली.

२००३च्या त्या कोडवर लगेच अनेकांनी काम सुरू केलं. जानेवारी २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. मूळ राउटरचं नाव आजही त्याच्या नावात आहे. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही भावंडंही त्याच काळातली.

कुलूप आणि किल्ल्या

कोड मिळाला तरी तो राउटरमध्ये घालायचा कसा, हा प्रश्न होताच. सुरुवातीच्या लोकांनी काढलेली वाट मजेदार आहे. राउटरच्या वेबपानावर 'पिंग' नावाची एक तपासणी होती. एखादा पत्ता लिहायचा आणि तिकडून उत्तर येतं का ते पाहायचं. त्या रकान्यात पत्त्याऐवजी हुकूम लिहिला तर राउटर तो मुकाट्यानं पाळत असे. ती सुरक्षेची फटच होती. पण त्याच फटीतून लोकांनी 'बूट वेट' नावाची सोय चालू केली. मग राउटर सुरू होताना काही सेकंद थांबायचा आणि तेवढ्यात त्याला नवं फर्मवेअर देता यायचं. प्रयोग फसला तर परत उभं करण्याचीही तीच वाट होती.

पुढे कंपनीनं खर्च कमी केला. २००५च्या अखेरीस आलेल्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातली. फ्लॅश ४ मेगाबाइटवरून २वर आली, रॅम १६वरून ८वर. वरचं प्लास्टिक जवळपास तेच होतं. लिनक्सवाल्यांसाठी कंपनीनं डब्ल्यूआरटी५४जीएल नावानं जुनं यंत्र वेगळं विकायला ठेवलं, आणि ते कितीतरी वर्षं खपत राहिलं. 'जुनं' यंत्र मुद्दाम शोधून विकत घेणारे ग्राहक असतात, हे या उदाहरणावरून दिसतं.

दुसरं कुलूप वायफायच्या ड्रायव्हरचं होतं. सोर्स कोड खुला झाला तरी ब्रॉडकॉमचा वायरलेस ड्रायव्हर बंद डब्यातच राहिला आणि तो कर्नलच्या जुन्या २.४ आवृत्तीला बांधलेला होता. म्हणजे एका बंद फाइलपायी सगळं घर जुन्या पायावर अडकून पडलेलं. यावर काही प्रोग्रामरांनी चिकाटीचा मार्ग काढला. एका गटानं बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटानं मूळ कोडला हात न लावता, फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. तो २००६ साली लिनक्स कर्नलमध्ये सामील झाला. अथेरॉस या दुसऱ्या चिप कंपनीनं मात्र २००८मध्ये स्वतःहून एथ९के हा खुला ड्रायव्हर दिला. आमच्या अभ्यासिकेतल्या राउटरची चिप याच घराण्यातली होती.

तुटणाऱ्या आवाजाचं कारण

पायऱ्यांवरच्या मुलांचा आवाज का तुटत होता, याचं उत्तर मला याच वाटेवर मिळालं. त्याला दोन कारणं होती.

पहिलं कारण म्हणजे रांग. राउटरमध्ये डेटाची पाकिटं थांबवून ठेवायला जागा असते. मेमरी स्वस्त झाली तशी ती जागा वाढत गेली आणि रांगही लांबली. एखाद्यानं मोठी फाइल उतरवायला घेतली की दुसऱ्याच्या आवाजाचं इवलंसं पाकीट त्यामागे ताटकळतं. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवण्याची 'कोडेल' ही रीत मांडली. एरिक ड्युमाझे यांनी तिला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडून लिनक्समध्ये आणलं. डेव्ह टाट यांनी ही रीत स्वस्त घरगुती राउटरांवर चालवून दाखवण्यासाठी ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेला सेरोडब्ल्यूआरटी हा प्रयोग वर्षानुवर्षं चालवला. एप्रिल २०२५मध्ये त्यांचं निधन झालं.

दुसरं कारण हवेतल्या वेळेचं. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. जुना रीतिरिवाज असा की प्रत्येकाला पाकिटांची सारखी संधी मिळावी. पण लांब बसलेल्या, कमकुवत मोबाइलला एक पाकीट पाठवायला जवळच्यापेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. संधी सारखी दिली की एक संथ मोबाइल सगळ्यांचा वेळ खातो आणि सगळेच संथ होतात. स्वीडनमधल्या कार्लस्टाड विद्यापीठात टोके होइलँड-योर्गेनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एथ९के ड्रायव्हरमध्ये पाकिटांऐवजी वेळ सारखी वाटून देण्याची व्यवस्था केली. २०१७च्या फर्मवेअरमध्ये ती आली.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की हार्डवेअरला कुणी हात लावला नव्हता. कारखान्यातून कधीच बाहेर पडलेली चिप फक्त सॉफ्टवेअर बदलून आधीपेक्षा चांगलं काम करू लागली. ड्रायव्हर उघडा होता म्हणून हे जमलं.

२०२०च्या पावसाळ्यात मी आमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही आवृत्ती घातली. पहिल्या प्रयत्नात तो मेला. सगळे दिवे एकदम लागायचे आणि विझायचे. रात्री उशिरा भाचीच्या लॅपटॉपला केबल जोडली, रिसेटचं बटण दाबून ठेवून वीज सुरू केली. अशा वेळी राउटर ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या नावाची फाइल मागतो. नाव एका अक्षरानं चुकलं तरी तो गप्प बसतो. चौथ्या वेळी त्यानं फाइल उचलली. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर आठ मुलं होती आणि कुणाचाही तास तुटला नाही. केबलवाल्या मुलानं विचारलं, "नवा घेतलात का सर?" मी उगाचच मान वर करून म्हणालो, "नाही, तोच आहे."

देखभालीचा इतिहास कोण लिहितं?

ओपनडब्ल्यूआरटीच्या आवृत्त्यांना बराच काळ मद्यमिश्रणांची नावं होती. व्हाइट रशियन, कामिकाझे, बॅकफायर. नावांचा तो शौक आपला नाही, पण त्यामागचं काम शौकाचं नव्हतं. एका यंत्राला आधार द्यायचा म्हणजे त्याची चिप कोणती, फ्लॅशचे विभाग कसे पाडलेत, कोणता दिवा आणि कोणतं बटण कुठल्या तारेवर आहे, हे सगळं लिहून ठेवायचं. मग दर नव्या कर्नलबरोबर ते पुन्हा तपासायचं. प्रत्येक बदलाशी करणाऱ्याचं नाव आणि तारीख नोंदलेली असते. या नोंदी वाचताना मला दफ्तरखान्यात बसल्यासारखं वाटतं.

त्या नोंदींत भांडणंही आहेत. मे २०१६मध्ये बऱ्याच प्रमुख कार्यकर्त्यांनी कारभार पारदर्शक नाही, आवृत्त्या वेळेवर येत नाहीत, अशी कारणं देत लेडे नावाचा वेगळा संसार मांडला. वर सांगितलेली वेळ सारखी वाटण्याची सोय याच लेडेच्या पहिल्या आवृत्तीत आली. जानेवारी २०१८मध्ये दोन्ही घरं पुन्हा एक झाली. नाव ओपनडब्ल्यूआरटीचं राहिलं, शिस्त बरीचशी लेडेची आली.

बाहेरूनही संकट आलं. २०१५मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, ५ गिगाहर्ट्झच्या लहरींबाबत नियम कडक केले. राउटरवर बाहेरचं फर्मवेअर घालता येणार नाही याची काळजी तुम्ही कशी घेतली, असं कंपन्यांना विचारणाऱ्या एका कागदात डीडी-डब्ल्यूआरटीचं नावच होतं. कंपन्यांना सोपा उपाय दिसला, सगळंच कुलूपबंद करणं. त्याविरुद्ध डेव्ह टाट, इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ आणि अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी आयोगाला पत्र लिहिलं. त्याच वर्षी आयोगानं खुलासा केला की बाहेरच्या फर्मवेअरवर बंदी घालणं हा हेतू नाही. २०१६मध्ये टीपी-लिंकबरोबरच्या तडजोडीत दोन लाख डॉलर दंडासोबत बाहेरच्या फर्मवेअरला वाव देण्यासाठी काम करण्याचं कलमही आलं.

नव्या यंत्राच्या शोधाची तारीख पाठ्यपुस्तकात येते. ते यंत्र पंधरा वर्षं चालू ठेवणाऱ्याची येत नाही. अब्बांच्या दुकानाची नोंदही कुठल्याच इतिहासात नाही.

नाही म्हणण्याची वेळ

इथवर वाचून वाटेल की कंपन्या यंत्रांना टाकून देतात आणि स्वयंसेवक त्यांना कायमचं जगवतात. तसं नाही.

लिनक्स कर्नल दर आवृत्तीला थोडा वाढतो. १६ मेगाबाइट रॅमचा तो मूळ निळा-काळा राउटर २०१०च्या 'बॅकफायर'नंतर धापा टाकू लागला. पुढे ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमच्या यंत्रांची पाळी आली. माझा राउटर यातलाच. त्यावर १९.०७ बसवल्यावर एक जादा पॅकेज घालायलाही जागा उरली नव्हती. त्याच सुमारास अथेरॉसच्या चिपांसाठीचा सगळा जुना कोड नव्या पद्धतीनं लिहायला घेतला होता. जुन्या पद्धतीतून नव्यात यंत्र न्यायचं तर ते कुणाच्या तरी टेबलावर असावं लागतं, तपासावं लागतं. ज्या यंत्रांसाठी असा माणूस मिळाला नाही, ती मागे राहिली. एखादं यंत्र कोडमध्ये तेवढेच दिवस जगतं, जेवढे दिवस ते कुणीतरी सांभाळून ठेवलेलं असतं.

४ आणि ३२वाल्यांसाठी १९.०७ ही शेवटची मालिका, असं प्रकल्पानं आधीपासून सांगितलं होतं. एप्रिल २०२२मध्ये तिची शेवटची आवृत्ती आली आणि तो हिशेब संपला.

माझी चूक इथली. अभ्यासिकेतलं यश पाहून मी मोहल्ल्यातल्या पाच घरांतल्या जुन्या राउटरांवर हेच फर्मवेअर घातलं होतं. लोक दुवा देत होते, मला बरं वाटत होतं. पण २०२२चा एप्रिल गेला आणि मी काहीच केलं नाही. कॉलेजचं काम, परीक्षा, पेपर तपासणी. खरं कारण वेगळं होतं. 'तोच आहे' असं मान वर करून सांगितलेलं वाक्य मला मागे घ्यायचं नव्हतं. जवळजवळ वर्ष गेलं.

मधल्या काळात मी इतरांच्या बेजबाबदारपणावर वाचत होतो. २०१८मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा किडा उघडकीस आला होता. ५४ देशांतली किमान पाच लाख यंत्रं त्याच्या ताब्यात गेली होती, आणि त्यांत बहुतेक लहान, घरगुती राउटर होते. त्यांच्या मालकांना काही कळलंही नव्हतं, कारण नेट चालू होतं. वाचताना लक्षात आलं की हे मी स्वतःबद्दलच वाचतो आहे. पाच घरांसाठी आता ती कंपनी मीच होतो. फर्मवेअर दिलं, वाहवा घेतली आणि पाठ फिरवली.

२०२३च्या उन्हाळ्यात वही घेऊन घरोघर गेलो. एका खालांना समजावून सांगितलं की हा आता बदलावा लागेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेटा, तूच म्हणाला होतास ना, कंपनी सोडून देते, आपण नाही सोडत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, "सोडतोय खाला. पण या वेळी सांगून सोडतोय."

मग जुन्या बाजारातून मोठ्या मेमरीचे वापरलेले राउटर घेतले. १६ मेगाबाइट फ्लॅश आणि १२८ मेगाबाइट रॅमचे, ज्यांना चालू आवृत्ती मिळते. वहीत प्रत्येकाचं नाव, आवृत्ती, बसवल्याची तारीख आणि पुढची तपासणी केव्हा, हे लिहिलं. माझ्यानंतर वही सांभाळायला भाचीला तयार केलं. कंपनीत आणि ओपनडब्ल्यूआरटीत फरक मला या वहीनं दाखवला. दोघांनाही कधीतरी 'आता बास' म्हणावं लागतं. पण एकाकडे कारण, तारीख आणि कोड सगळ्यांसमोर असतो. ज्याला पुढे न्यायचं आहे तो नेऊ शकतो. दुसऱ्याकडे दार बंद असतं आणि आतून आवाजही येत नाही.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये ओपनडब्ल्यूआरटीनं स्वतःच्या नावाचा पहिला राउटर आणला. किंमत ८९ डॉलर. फर्मवेअर बिघडलं तरी तो पुन्हा उभा करता यावा यासाठी त्यात वेगळी फ्लॅश चिप ठेवली आहे. वीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांनी स्वतःचं यंत्र केलं तेव्हा आधी दुरुस्तीचा विचार केला, याचं मला नवल वाटलं नाही.

अब्बा रेडिओ बंद करण्याआधी लाकडी पेटीच्या आत पेन्सिलीनं तारीख आणि बदललेला भाग लिहीत. पुढच्या कारागिरासाठी. अभ्यासिकेतला पांढरा राउटर मी फेकलेला नाही. त्याचं वायफाय बंद करून तो कपाटात ठेवला आहे. कुणा विद्यार्थ्याला हे काम शिकायचं असेल तर उघडून बघायला उपयोगी पडेल. त्याच्या पोटाशी एक चिठ्ठी चिकटवली आहे. शेवटची आवृत्ती १९.०७.१०, काढल्याची तारीख, आणि कारण: मेमरी अपुरी, यंत्र चांगलं आहे.